हिरवं बटण

७ ऑक्टोबर, सोमवार

आज मालकांनी माझ्याकडे माझं डोकं मागितलं. शब्द वेगळे होते, अर्थ तोच.

"मेस्त्री, सगळ्या मोटरींची सर्किटं आता कागदावर यायला हवीत. उद्या तुम्हाला काही झालं तर?"

डॉन अब्सालोन असे बोलतात, की मला काय व्हायचंय ते त्यांना आधीच कुणीतरी कळवून ठेवलंय. एकतीस वर्षं झाली मला या भाताच्या गिरणीत. कुठली तार कुठून निघून कुठं जाते, मला झोपेतून उठवून विचारा. कागद झाला की माणूस लागत नाही, हे न कळायला मी काही दुधखुळा नाही.

आणि कागद काढणार कोण, तर दायानारा. रुफो प्लुआसची मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभा होतो तो मी, तिचा पाद्रिनो, धर्मबाप; तेव्हापासून रुफो आणि मी एकमेकांचे कोंपाद्रे. शेतात पाठवू नकोस, दाउलेला इन्स्टिट्यूटमध्ये इलेक्ट्रिकलला घाल म्हणून रुफोच्या मागे लागलो तोही मीच. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

म्हणून ही वही काढली. मीटरच्या आकड्यांची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती. सगळ्यांचं कागदावर येतंय तर माझंही येऊ दे.

९ ऑक्टोबर, बुधवार

पोरगी सकाळी साडेसातला दारात हजर. "आशीर्वाद द्या, पाद्रिनो." मी म्हणालो, "देव तुझं भलं करो." मनात कितीही राग असला तरी हे म्हणावं लागतं. आमच्याकडे याशिवाय दिवस सुरू होत नाही.

पॅनलचं दार उघडून ती तासभर नुसती बघत उभी राहिली. मग म्हणते, "पाद्रिनो, इथं एकाही तारेवर नंबर नाही."

"माझ्या मुलांना पण नंबर नाहीत. मी त्यांना ओळखतो."

"पण मला कसं ओळखू येणार?"

"एकतीस वर्षं थांब."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय.

१६ ऑक्टोबर, बुधवार

लाईट जाण्याचं वेळापत्रक आज पुन्हा बदललं. डोंगरातली धरणं आटलीत म्हणे. आता सकाळी आठ ते बारा आणि रात्री कधीही. वेळापत्रक म्हणजे नुसतं नावाला, कधी अर्धा तास आधी येते, कधी दोन तास उशिरा. ओलं भात ड्रायरमध्ये थांबलं की पिवळं पडतं. त्याला वारा हवा आणि ते फिरतं हवं.

गेल्या महिन्यात मालकांनी सांगितल्यावरून पंख्याच्या मोटरीला मी स्विच बसवून दिला. लाईट आली की पंखा आपोआप सुरू. त्यावर पाटी लावली, मालकांना दाखवलं, सगळं रीतसर. पण पंखा सुरू होऊन काय उपयोग? ज्या पाटातून भात पुढं सरकतं त्यातला लोखंडी स्क्रू बंदच. त्यासाठी रोज रात्री दोन-अडीचला उठून सायकल मारत जायचं आणि एक हिरवं बटण दाबायचं. चार रात्री केलं. पाचव्या दिवशी स्क्रूच्या पॅनलमध्ये खाली, तारांच्या पन्हाळीमागं, अंगठ्याएवढा एक स्विच बसवला. त्याच्या दोन तारा हिरव्या बटणाच्या दोन टोकांना. संध्याकाळी घरी जाताना तो चालू करतो, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बंद करतो. रात्री लाईट आली की स्क्रू आपला आपण फिरायला लागतो आणि मी घोरत असतो.

हे मालकांना सांगायचं राहिलं. सांगणार होतो, पण त्यांनीच सगळ्यांसमोर म्हटलं, "मेस्त्रींना बघा. या वयात मध्यरात्री उठून येतात." रुफोनं तर टाळ्याच वाजवल्या. आता त्यावर काय बोलायचं?

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दायानं विचारलंच. गुडघ्यावर बसून, बॅटरी लावून बघत होती.

"पाद्रिनो, हिरव्या बटणापासून दोन लाल तारा खाली पन्हाळीत जातात. कुठं?"

"मेल्यात त्या. जुन्या आहेत."

"कुठं संपतात ते बघू?"

"सांगितलं ना मेल्यात. पन्हाळ उघडलीस तर सगळं पुन्हा मलाच बसवावं लागेल."

तिनं पेन्सिलीनं दोन तुटक रेषा काढल्या आणि पुढं प्रश्नचिन्ह घातलं. मी म्हटलं खोड. मालक प्रश्नचिन्ह बघून म्हणतील, मेस्त्रीला स्वतःचंच पॅनल माहीत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि खोडलं. पोरगी गुणी आहे, मोठ्यांचं ऐकते.

२ नोव्हेंबर, शनिवार

मेलेल्यांचा दिवस. सकाळी स्मशानात फुलं वाहिली, दुपारी रुफोच्या घरी. त्याच्या बायकोच्या माघारी आता दायाच जांभळी कोलादा रांधते. चांगली जमली होती. माझ्या बायकोनं, ओतिलियानं, दोन पेले प्यायले आणि मला टोमणा मारला, "बघ, तुझ्या धर्मलेकीला तारांशिवायही काही येतं."

जेवणानंतर दाया बापाला सर्किट समजावत बसली. रुफो गेली अठरा वर्षं तो पाट साफ करतो. ओलं भात, दोऱ्या, गवत, सगळं स्क्रूला गुंडाळतं. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत मोटर बंद करून हात घालायचा. आता रोज सकाळी लाईट जाते, तर ती वेळ त्याला बरी पडते.

तिनं चमचा घेतला. "हा कॉन्टॅक्टर, बाबा. हिरवं बटण दाबलं की हा आत ओढला जातो आणि मोटरला वीज मिळते. आता बटण सोडलं, तरी हा सुटत नाही. का? तर याच्याच अंगाला एक छोटा संपर्क असतो, तो याला धरून ठेवतो."

"म्हणजे स्वतःच स्वतःला धरून उभा राहतो? आपल्या मेस्त्रीसारखा?" रुफो म्हणाला आणि मला कोपरानं ढोसलं.

"ऐका तर. वीज गेली की ती पकड सुटते. परत आली तरी सुटलेलीच राहते. कुणीतरी पुन्हा हिरवं दाबेपर्यंत मोटर फिरत नाही. म्हणून ही पद्धत."

"म्हणजे लाईट गेलेली असताना मी हात घातला, आणि मधेच आली, तरी काही होत नाही."

"नाही. पण तरी आधी लाल दाबत जा, बाबा. ते दाबलं की आतच राहतं, पिळल्याशिवाय बाहेर येत नाही. सवय असू द्या."

"मेलेल्याला काय मारायचं?" रुफो म्हणाला, आणि सगळे हसले. आजच्या दिवशी असं बोलू नये म्हणून ओतिलियानं छातीवर क्रूसाची खूण केली.

मी काही बोललो नाही. बोलायचं होतंच काय? रोज सकाळी सहाला मी पहिला पोचतो. रुफो पाटाशी जातो तो आठनंतर. एकतीस वर्षांत मी कधी उशिरा गेलेलो नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज हद्द झाली.

मालकांनी स्क्रूच्या पॅनलच्या दाराला आतून दायाचा कागद लावला, वर प्लॅस्टिक घालून. खाली कोपऱ्यात सही: द. प्लुआस. सुबक काढलंय, नाही कसं म्हणू? कॉइल, ओव्हरलोड, लाल, हिरवं, हिरव्याच्या शेजारी तो धरून ठेवणारा संपर्क. पुस्तकात असतं तसंच. माझं नाव कुठंच नाही. मालकांनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं आणि पॅनलची दुसरी किल्ली तिच्या हातात दिली.

"आता मेस्त्रींनी जरा विश्रांती घ्यावी," असं म्हणाले.

मी म्हटलं, "घेतो की."

संध्याकाळी निघताना माझा तो छोटा स्विच नेहमीप्रमाणे चालू केला. सवयीनं हात गेला. ज्यांना विश्रांतीची एवढी काळजी, त्यांनी यावं रात्री उठून.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज गेलो नाही. ताप आलाय असा निरोप पाठवला. ओतिलियानं कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "ताप कपाळात नाही, नाकात आहे." म्हणू दे. एक दिवस मेस्त्री नसला की काय होतं ते कळेल गिरणीला. नऊला कच्च्या केळ्याचा बोलोन आणि अंडी खाल्ली, अंगणात खुर्ची टाकून बसलो. बरं वाटलं. किती वर्षांनी बुधवारची सकाळ अंगणात.

दहाला दहा कमी असताना लाईट आली. बाराशिवाय यायची नव्हती. शेजारच्यांचा रेडिओ एकदम ओरडायला लागला.

*

त्याच दिवशी, नंतर.

रुफोचा उजवा हात. कोपराच्या वरपर्यंत.

खुर्चीवरून उठलो तेव्हा मला कळलं होतं. रेडिओ ओरडला तेव्हाच. सायकल हातात घेतली तर साखळी निघालेली. ती बसवायला बसलो, दोनदा पुन्हा निसटली. कुणी सांगायला यायच्या आधी मला माहीत होतं.

मी पोचलो तेव्हा त्याला मालकांच्या गाडीत घातलं होतं. दाया पॅनलपाशी उभी होती, बाह्या लाल. ती तिथंच होती, दुसऱ्या पॅनलचा कागद काढत. आवाज आला तशी धावली आणि बटणांवर मुठी मारत सुटली. लाल सापडेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढा गेला. मला बघून म्हणाली, "पाद्रिनो, मी त्यांना सांगितलं होतं, फिरणार नाही म्हणून. मीच सांगितलं होतं."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काल काय केलं ते लिहून ठेवतो.

दुपारी मालकांनी हॉस्पिटलातून फोन केला. "मेस्त्री, पॅनल तेवढं सुरक्षित करून ठेवा, विम्याचा माणूस येईल." गिरणीत कुणी नव्हतं. मी मेन बंद केला, पन्हाळ उघडली, स्विच काढला, दोन्ही लाल तारा काढल्या. हिरव्या बटणाचे स्क्रू पुन्हा आवळले. सगळं रुमालात गुंडाळून पुलावरून कालव्यात टाकलं.

पोरीसाठी केलं हे. तिच्या कागदावर सही आहे. पॅनल आणि कागद जुळले नाहीत तर पहिला दगड तिच्यावर पडला असता. आता जुळतात, तारेला तार. रात्री ओतिलियानं विचारलं रुमाल कुठं गेला. हरवला म्हणालो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

विम्याचा तपासनीस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी बॅटरी, कामात पक्का. दायाचा कागद हातात धरून एकेक तार तपासली. मग मेन बंद करून चालू केला. चार वेळा. चारही वेळा स्क्रू हलला नाही.

"कागद बरोबर आहे," तो म्हणाला. "पॅनलही बरोबर आहे. उत्तम काम आहे."

मला वाटलं, सुटली पोरगी.

मग त्यानं बॅटरी खिशात ठेवली. "म्हणजे लाईट आली म्हणून हे सुरू झालं नाही. होऊच शकत नाही. कुणीतरी हिरवं दाबलं. पॅनलपाशी कोण होतं?"

सगळ्यांनी तिला बटणांवर हात मारताना पाहिलं होतं.

दाया म्हणाली, "मी लाल दाबत होते."

"आधी की नंतर?"

"आवाज आल्यावर."

"पाठ कुठं होती तुमची? पॅनलला टेकली होती? वही कुठं होती?"

ती आठवत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिला खरंच आठवेना. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "पाद्रिनो, पाठीनं दाबलं जाऊ शकतं का?"

मालक, तपासनीस, सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकतीस वर्षांचा मेस्त्री, त्याला माहीत असणार.

"बटण जरा बाहेर आलेलंच आहे," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. आहेच बाहेर आलेलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ग्वायाकिलला हॉस्पिटलात जाऊन आलो. रुफो खिडकीशी. उरलेल्या हातानं संत्रं सोलायचा प्रयत्न चालला होता. मी घेऊन सोलून दिलं.

"कोंपाद्रे, तू त्या दिवशी तापानं पडला होतास ना?"

"हो."

"तू असतास तर झालं नसतं हे." त्यानं एक फोड तोंडात टाकली. "पोरीनं मुद्दाम केलं नाही. मी तिला म्हटलं, बाई, मी माफ केलं. बाप आहे मी. तर ती जास्तच रडायला लागली. म्हटलं, हे कसलं गं, माफ केलं तरी रडतेस?"

त्याच्या हनुवटीवर संत्र्याचा रस ओघळला होता. मी पुसला. सांगणार होतो. देवाशप्पथ, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात नर्स आली, आणि ती गेल्यावर तो म्हणाला, "तू आहेस म्हणून बरं आहे. दुसरं कोण आहे मला?" मग कसं सांगणार?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दाया घरी आली. दारातच उभी राहिली. ओतिलियानं आत बोलावलं तर म्हणाली, "नको काकू, एक मिनिट फक्त."

हातात तिची कच्ची वही होती. २२ ऑक्टोबरचं पान. खोडलेल्या जागेवर तिनं पेन्सिल आडवी घासली होती, त्यामुळं दाबाच्या खुणा पांढऱ्या उमटल्या होत्या. दोन तुटक रेषा आणि एक प्रश्नचिन्ह.

"दोन लाल तारा होत्या," ती म्हणाली. "काल माझ्या किल्लीनं पॅनल उघडलं, पन्हाळही उघडली. आत तारा नाहीत. मागच्या पत्र्याला दोन भोकं आहेत, कडा अजून चकाकतात."

मी पानावरची नजर काढून फाटकाकडे नेली.

"मी पाठीनं दाबलं नव्हतं. आठ दिवस मला वाटतंय मी माझ्या बाबांचा हात तोडला."

"पोरी, मला काही माहीत नाही," मी म्हणालो. हेच निघालं तोंडातून. मी अजून ते वाक्य ऐकतोय.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. "विमावाल्यांना या पानाचा काही उपयोग नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही खोडायला सांगितलंत, मी खोडलं. आणि बाबांना मी सांगणार नाही. त्यांचा हात गेलाय. तुम्हीही गेलात तर त्यांच्याजवळ बसायलाही कुणी नाही. सांगायचं तर तुम्ही सांगा."

वही मिटली आणि ती निघाली. फाटकापर्यंत मी वाट बघितली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती आशीर्वाद न मागता गेली. मी तिच्या पाठीमागं म्हटलं, "देव तुझं भलं करो." ऐकू गेलं असेल किंवा नसेल.

ओतिलिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती ऐकलं कुणास ठाऊक. माझं ताट वाढलं आणि तिचं घेऊन ती अंगणात गेली.

१ डिसेंबर, रविवार

मालकांनी दायाला कामावरून काढलं. "तिच्याच भल्यासाठी," म्हणाले. दोन्ही किल्ल्या पुन्हा माझ्याकडे.

४ डिसेंबर, बुधवार

आज या वहीत स्क्रूचं खरं सर्किट काढलं, १३ नोव्हेंबरला होतं तसं. स्विच, दोन लाल तारा, सगळं. सुबक आलं. प्रत्येक तारेला नंबर दिलाय. खाली सही केली, तारीख घातली. पान फाडून रुफोच्या घरापर्यंत गेलो. तो खाटेवर झोपला होता, तोंड उघडं. परत आलो आणि पान वहीत ठेवून दिलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज जाहीर झालं, आता लाईट जाणार नाही. डोंगरात पाऊस झाला. गिरणीत मालकांनी सगळ्यांना मटणाचा सेको आणि बियर दिली.

रुफोला त्यांनी फाटकावर बसवलंय. ट्रक आला की डाव्या हातानं दोरी ओढतो. नाताळाआधी भेटायचं म्हणून मी त्याच्याशेजारी बाकावर बसलो.

"दाया ग्वायाकिलला आहे," तो म्हणाला. "मोबाईलची कव्हरं विकते, बाजारात. म्हटलं, बाई, तुझ्या हातात विद्या आहे. तर म्हणते तारेला हात लावणार नाही पुन्हा. तुला फोन करते का?"

"नाही."

"एवढी धर्मलेक आणि नाताळाला आशीर्वादही मागायचा नाही?" त्यानं रिकाम्या बाहीची गाठ डाव्या हातानं सरळ केली. "लाज वाटत असेल तिला, कोंपाद्रे. तू शिकवलंस, तू चिकटवलंस गिरणीला, आणि तिनं तुझ्या नावाला असा बट्टा लावला. तुझ्यापुढं यायला तोंड नाही तिला. तू मोठा आहेस. मनात ठेवू नकोस. माफ कर तिला."

ट्रकवाला बाहेर भोंगा वाजवत होता. रुफो दोरीकडे गेला नाही, माझ्या तोंडाकडे बघत बसला. उत्तर घेतल्याशिवाय तो उठणार नव्हता.

"केलं," मी म्हणालो.